अवयव प्रत्यारोपण : गांजाच्या सेवनामुळे रुग्ण अपात्र ठरावा काय?

अमेरिकेतील सिएटल शहरात १ मे २००८ रोजी ५६ वर्षांच्या एका संगीतकाराचे यकृत निकामी झाल्याने निधन झाले. हेपटायटिस-सी या विकाराने त्यांचे यकृत पोखरले होते आणि प्रत्यारोपण हाच एकमेव उपाय उरला होता. मळमळ, वेदना आणि अन्नावरची वासना उडणे या त्रासांवर त्यांच्या डॉक्टरांनी गांजाच्या वापरास मान्यता दिली होती. वॉशिंग्टन राज्यात वैद्यकीय कारणासाठी असा वापर १९९८ पासून कायदेशीर आहे. प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयांनी मात्र आधी काही काळ गांजापासून दूर राहण्याची अट घातली. तेवढा काळ त्यांच्या हाती नव्हता. विद्यापीठाच्या रुग्णालयाच्या समितीने त्यांचे नाव अखेरपर्यंत प्रतीक्षायादीत घेतले नाही.

तीन वर्षांनंतर लॉस एंजेलिसमध्ये याच प्रश्नाने पुन्हा डोके वर काढले. यकृताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका गृहस्थांचे नाव सीडर्स-सायनाय या नामांकित रुग्णालयाच्या यादीत आले होते. मूत्रचाचणीत गांजाचे अंश आढळल्यावर २०११ मध्ये ते यादीतून काढण्यात आले. विशेष म्हणजे गांजाची शिफारस त्याच रुग्णालयातील कर्करोगतज्ज्ञाने केली होती. एका विभागाने दिलेले औषध दुसऱ्या विभागाच्या दृष्टीने अपात्रतेचे कारण ठरले. पुन्हा यादीत येण्यासाठी सहा महिने चाचण्या आणि समुपदेशन यांची अट होती. २०१२ मध्ये त्यांचेही निधन झाले.

या दोन घटनांतून उभा राहिलेला वाद आजतागायत मिटलेला नाही. अमेरिकेत गांजाला मान्यता देणाऱ्या राज्यांची संख्या वाढत गेली, तसतसा तो अधिक तीव्र झाला आहे. भारतात गांजावर बंदी असली तरी भांग अनेक राज्यांत परवानाधारक दुकानांतून विकली जाते आणि प्रत्यारोपण शस्त्रक्रियांची संख्या वेगाने वाढत आहे. त्यामुळे हा केवळ परदेशातील प्रश्न आहे, असे म्हणून तो बाजूला सारता येणार नाही.

मुळात हा प्रश्न टंचाईतून उद्भवला आहे. अमेरिकेत २०२४ मध्ये ४८ हजारांहून अधिक अवयवांचे प्रत्यारोपण झाले, तरी प्रतीक्षायादीतील रुग्णांची संख्या एक लाखाच्या वर राहिली. मृत दात्याचा अवयव कोणास मिळावा, हे राष्ट्रीय पातळीवरील नियमांनुसार ठरते. रक्तगट, आजाराची तीव्रता, प्रतीक्षेचा काळ आणि अंतर यांचा हिशेब संगणक करतो. परंतु यादीत नाव घालावे की नाही, हा निर्णय प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राची समिती घेते. शल्यविशारद, वैद्यकीय तज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका यांची ही समिती रुग्णाच्या शरीराबरोबरच त्याचे घर, स्वभाव, सवयी आणि औषधे नियमित घेण्याची शक्यता यांचाही विचार करते. अवयववाटपाचे नियम जितके काटेकोर, तितकाच हा पहिला टप्पा केंद्रागणिक बदलणारा आहे. एका शहरात अपात्र ठरलेला रुग्ण दुसऱ्या शहरात पात्र ठरू शकतो. मात्र त्यासाठी प्रवास करण्याइतकी ताकद आणि पैसा त्याच्याजवळ असावा लागतो.

समित्यांची बाजू निराधार आहे, असे म्हणता येत नाही. प्रत्यारोपणानंतर शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. अशा रुग्णाला साधी बुरशीही घातक ठरू शकते. वाळवलेल्या गांजाच्या पानाफुलांवर ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू आढळतात आणि चिलीम किंवा सिगारेट ओढताना ते थेट फुप्फुसात जाऊ शकतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाचा दूषित गांजा ओढल्यामुळे जडलेल्या अशा संसर्गाने मृत्यू झाल्याची नोंद १९८८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १९९६ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाबाबत तशीच नोंद झाली. तो रुग्ण सुदैवाने बचावला. या दोन नोंदींचा आधार पुढे अनेक केंद्रांच्या धोरणांत घेतला गेला. नोंदी खऱ्या आहेत. पण एकेका रुग्णाच्या या नोंदींवरून गांजा ओढणाऱ्या शंभर रुग्णांपैकी कितींना हा संसर्ग होतो, हे कळत नाही. शिवाय हा धोका प्रामुख्याने धुराच्या मार्गाने येतो. तेल, गोळी किंवा खाद्यपदार्थ या रूपात घेतलेल्या गांजाला तोच निकष जसाच्या तसा लावणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतोच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याची चर्चा त्या मानाने उशिरा सुरू झाली. टॅक्रोलिमस हे प्रत्यारोपित रुग्णांना दिले जाणारे प्रमुख औषध आहे. त्याचे रक्तातील प्रमाण ठरावीक मर्यादेत राहावे लागते. ते कमी झाले तर शरीर अवयव नाकारते; वाढले तर मूत्रपिंड आणि मज्जासंस्था यांना इजा पोहोचते. हे औषध यकृतातील व आतड्यातील ज्या विकरामुळे विघटित होते, त्या विकराच्या कामात गांजातील कॅनाबिडिऑल हा घटक अडथळा आणतो. अमेरिकेतील एका रुग्णाला अपस्मारासाठी कॅनाबिडिऑल दिले गेले, तेव्हा त्याच मात्रेत टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण सुमारे तिप्पट झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या जातीचे फळ प्रत्यारोपित रुग्णांना वर्ज्य सांगितले जाते, तेही काहीशा अशाच कारणाने. फळ वर्ज्य केल्याने कोणाचे नाव यादीतून जात नाही, हा भाग वेगळा. येथे नशेचा किंवा नीतीचा संबंध नसून केवळ औषधशास्त्राचा आहे आणि कॅनाबिडिऑलने तर नशाही होत नाही. रुग्णाने आपण काय घेतो हे सांगितले, तर डॉक्टर मात्रा कमी करून, रक्ताची वारंवार तपासणी करून मार्ग काढू शकतात. त्याने ते लपवले तर मात्र अनर्थ ओढवू शकतो.

तिसरा मुद्दा वर्तनाचा. दीर्घकाळ आणि जास्त प्रमाणात गांजा घेणाऱ्या काहींना वारंवार, न थांबणाऱ्या उलट्यांचा विकार जडतो. अशा अवस्थेत पोटात गेलेली औषधे टिकत नाहीत. व्यसनाच्या आहारी गेलेला रुग्ण औषधांच्या वेळा पाळणार नाही, तपासणीस येणार नाही आणि दुर्मीळ अवयव वाया जाईल, ही भीती समित्यांच्या निर्णयांमागे नेहमी असते. ही भीती दात्याच्या कुटुंबाच्या बाजूनेही समजून घ्यावी लागते. ज्यांनी आपल्या माणसाचे अवयव दुःखाच्या क्षणी दिले, त्यांच्या दानाचे चीज व्हावे ही अपेक्षा रास्तच आहे.

तथापि ही भीती प्रत्यक्ष आकडेवारीत कितपत उतरते, हे पाहणे आवश्यक आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी यकृत प्रत्यारोपणासाठी तपासल्या गेलेल्या १,४८९ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांत गांजा घेणारे १५५ होते. त्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा कमी असल्याचे आढळले नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या १,२२५ रुग्णांवरील २०१६ च्या अभ्यासातही, मौजेखातर गांजा घेण्याचा आणि पहिल्या वर्षात अवयव निकामी होण्याचा संबंध दिसला नाही. या अभ्यासात गांजा घेणाऱ्यांची संख्या थोडी होती, हे ध्यानात ठेवावे लागेल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकी सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदींवर आधारलेल्या मोठ्या अभ्यासाने चित्राची दुसरी बाजू दाखवली. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या वर्षात ज्यांच्याबाबत गांजाचे व्यसन किंवा दुरुपयोग असे निदान नोंदले गेले, त्यांच्यात अवयव निकामी होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण अधिक होते. शस्त्रक्रियेपूर्वी तसे निदान असलेल्यांच्या बाबतीत मात्र हा संबंध ठळकपणे दिसला नाही.

या निष्कर्षांतून एक भेद स्पष्ट होतो. कधीतरी किंवा वैद्यकीय सल्ल्याने गांजा घेणारा रुग्ण आणि व्यसनाधीन रुग्ण या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. मूत्रचाचणी हा भेद करू शकत नाही. गांजाचे अंश चरबीत साठतात आणि नियमित सेवन करणाऱ्याच्या लघवीत ते काही आठवडेही आढळतात. चाचणी होकारार्थी आली एवढ्यावरून तो मनुष्य काल गांजा प्याला की तीन आठवड्यांपूर्वी, वेदनेसाठी की चैनीसाठी, हे समजत नाही. तरीही कागदावर दिसणाऱ्या एका शब्दावर निर्णय घेणे सोपे असते, आणि कोणतीही समिती याला सर्वस्वी अपवाद नसावी.

मद्याशी तुलना येथे अपरिहार्य आहे. मद्यपानामुळे यकृत गमावलेल्या रुग्णांना सहा महिने मद्यमुक्त राहण्याची अट जगभर अनेक केंद्रांनी वर्षानुवर्षे पाळली. २०११ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधील डॉक्टरांनी मद्यजन्य तीव्र यकृतदाहाच्या २६ निवडक रुग्णांवर, ही मुदत संपण्याची वाट न पाहता प्रत्यारोपण केले. सहा महिन्यांनंतर त्यांच्यापैकी ७७ टक्के रुग्ण हयात होते; प्रत्यारोपण न झालेल्या तुल्य रुग्णांत हे प्रमाण २३ टक्के होते. त्यानंतर अनेक ठिकाणी सहा महिन्यांचा नियम शिथिल करण्यात आला. ज्या पदार्थाने यकृत प्रत्यक्ष नष्ट होते, त्याबाबत वैद्यकशास्त्र एवढे लवचीक झाले असताना, हेपटायटिस किंवा कर्करोगाने यकृत गमावलेल्या रुग्णाला गांजाच्या कारणावरून सहा महिने थांबण्यास सांगणे विसंगत वाटते.

आणखी एक विसंगती क्वचितच चर्चिली जाते. गांजा घेणाऱ्या व्यक्तीचा मृत्यू झाल्यास तिचे अवयव अमेरिकेत नेहमी स्वीकारले जातात; केवळ चाचणीत गांजा आढळला म्हणून दाता सहसा नाकारला जात नाही. याचाच अर्थ असा की, अवयव देण्यासाठी जो मनुष्य चालतो, तोच घेण्यासाठी चालेलच असे नाही. देणाऱ्याला पुढे जन्मभर औषधे घ्यायची नसतात, हे याचे वैद्यकीय उत्तर आहे आणि ते बरोबरही आहे. पण रुग्णाच्या नातेवाइकांना ते पटवून देणे कोणत्याही डॉक्टरला सोपे जात नसेल.

वाद न्याय्य रीतीने सुटत नाही असे दिसल्यावर काही राज्यांनी कायद्याचा मार्ग धरला. ॲरिझोनात २०१० मध्ये मतदारांनी संमत केलेल्या कायद्यात, नोंदणीकृत रुग्णाचा गांजावापर अवयव प्रत्यारोपणासह सर्व उपचारांच्या बाबतीत अन्य कोणत्याही औषधासारखा मानावा, अशी तरतूद आहे. वॉशिंग्टन, डेलावेअर, इलिनॉय, न्यू हॅम्पशायर या राज्यांनीही कमी-अधिक फरकाने अशा तरतुदी केल्या. लॉस एंजेलिसमधील घटनेनंतर कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात मार्क लेव्हिन यांनी मांडलेल्या विधेयकावर गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी २०१५ मध्ये स्वाक्षरी केली आणि १ जानेवारी २०१६ पासून ते अमलात आले. केवळ वैद्यकीय गांजा घेतो म्हणून किंवा केवळ चाचणी होकारार्थी आली म्हणून रुग्णाला अपात्र ठरवता येणार नाही, असे हा कायदा सांगतो. मात्र त्या विशिष्ट रुग्णाच्या बाबतीत गांजामुळे उपचारांवर लक्षणीय परिणाम होईल, असे डॉक्टरांनी स्वतंत्र तपासणीअंती ठरवले, तर नकार देण्याची मुभा आहे.

या तरतुदीतील ‘केवळ’ या शब्दावरच सर्व काही अवलंबून आहे. समितीच्या टिपणात गांजाबरोबर ‘औषधांबाबत अनियमितता’ किंवा ‘कुटुंबाचा अपुरा आधार’ असे एखादे कारण जोडले, की नकार कायद्याच्या चौकटीत बसू शकतो. शिवाय हे संरक्षण वैद्यकीय शिफारशीने गांजा घेणाऱ्यांपुरते आहे. मौजेखातर घेणाऱ्याला त्याचा लाभ नाही, मग त्याच राज्यात तसा वापर पूर्णपणे कायदेशीर का असेना. हृदय प्रत्यारोपणाशी संबंधित ३६० व्यावसायिकांच्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत हाच भेद दिसून आला. कायदेशीर वैद्यकीय गांजा घेणाऱ्या रुग्णांना यादीत घेण्यास ६४ टक्क्यांहून अधिक जणांची संमती होती. कायदेशीर पण मौजेखातर घेणाऱ्यांच्या बाबतीत ती जेमतेम साडेसत्तावीस टक्क्यांवर आली. बुरशी आणि औषधांची परस्परक्रिया यांना शिफारसपत्राशी काही देणेघेणे नसते. तेव्हा या दोन आकड्यांतील अंतरात वैद्यकशास्त्राइतकाच नैतिक नापसंतीचाही वाटा आहे, असे मानण्यास जागा आहे.

फुप्फुसांची गोष्ट मात्र निराळी आहे. युटा राज्यातील एका वीस वर्षांच्या तरुणाला २०१६ च्या अखेरीस न्यूमोनियाने गाठले आणि त्याची फुप्फुसे निकामी झाली. रक्तात गांजाचे अंश आढळल्याने तेथील रुग्णालयाने प्रत्यारोपणास नकार दिला. बराच शोध घेतल्यावर पेनसिल्व्हेनियातील केंद्राने त्याला स्वीकारले. मार्च २०१७ मध्ये शस्त्रक्रिया झाली, पण गुंतागुंत निर्माण होऊन एप्रिलमध्ये त्याचा मृत्यू झाला. या एका घटनेवरून नकार देणारे बरोबर होते असे ठरत नाही आणि स्वीकारणारे चुकले असेही ठरत नाही. फुप्फुस प्रत्यारोपणात तंबाखूच्या धुरालाही मज्जाव असतो. तेथे गांजाच्या धुरास वेगळा न्याय मागणे कठीण आहे, एवढेच म्हणता येईल.

भारतातील परिस्थिती वेगळ्या कारणांनी गुंतागुंतीची आहे. अंमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आहे. परंतु गांजाच्या व्याख्येतून, शेंडे सोबत नसलेली पाने आणि बिया वगळल्या आहेत. त्यामुळे पानांपासून होणारी भांग या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिचे नियमन राज्ये करतात. उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश या राज्यांत तिची परवानाधारक दुकाने आहेत. उज्जैन किंवा वाराणसी येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना महाशिवरात्रीची थंडाई अपरिचित नाही. केंद्र सरकारच्या वतीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, १० ते ७५ या वयोगटातील सुमारे ३ कोटी १० लाख भारतीयांनी आधीच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही ना काही घेतले होते. त्यांतील सुमारे २ कोटी २० लाखांनी भांग घेतल्याचे सांगितले.

दुसरीकडे, देशात २०१३ मध्ये पाच हजारांहून कमी असलेल्या प्रत्यारोपण शस्त्रक्रिया २०२३ मध्ये १८ हजारांवर गेल्या. यांतील बहुसंख्य शस्त्रक्रिया जिवंत दात्यांच्या, म्हणजे आई, पत्नी, भाऊ यांच्या अवयवांवर होतात. २०२३ मध्ये मृत दात्यांची संख्या अकराशेच्या आसपास होती. दहा लाख लोकसंख्येमागे एकही दाता नाही, असे हे प्रमाण आहे. १९९४ च्या प्रत्यारोपण कायद्याचा मुख्य रोख अवयवांच्या खरेदी-विक्रीला आळा घालण्यावर आहे. रुग्णाच्या सवयींवरून त्याची पात्रता कशी ठरवावी, हे त्याने डॉक्टरांवर सोपवले आहे. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रे उपलब्ध अवयवांचे वाटप करतात. रुग्णाची नोंदणी करावी की नाही, हे रुग्णालय पाहते. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने नोंदणीसाठी असलेली ६५ वर्षांची वयोमर्यादा आणि राज्यातील रहिवासाची अट काढून टाकली. वय आणि पत्ता यांचा विचार झाला. सवयींचा प्रश्न जेथे होता तेथेच राहिला.

जिवंत दात्यामुळे येथील प्रश्नाचे स्वरूपही बदलते. पत्नीने पतीला दिलेले मूत्रपिंड यादीतील अन्य कोणाच्या वाट्याचे नसते. पतीला नकार दिल्याने दुसऱ्या कोणाचा जीव वाचत नाही. तेव्हा टंचाईचा युक्तिवाद येथे लंगडा पडतो. त्याऐवजी निरोगी दात्याला शस्त्रक्रियेच्या जोखमीत घालण्याइतपत फलप्राप्ती होईल काय, हा प्रश्न पुढे येतो.

त्याहून मोठी अडचण बोलण्याची आहे. गांजाचे सेवन हा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस किंवा दहा हजार रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र गुन्हा आहे. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस कायद्याने संरक्षण दिले असले, तरी ते सर्वसामान्यांना क्वचितच ठाऊक असते. परिणामी रुग्ण गांजाबद्दल बोलत नाही. भांगेबद्दल तो बोलत नाही ते वेगळ्या कारणाने, ती नशा आहे असे त्याला वाटतच नाही. यात अलीकडे तिसऱ्या प्रकाराची भर पडली आहे. ‘विजया’ या आयुर्वेदीय नावाने गांजाच्या पानांचा अर्क असलेली तेले आणि गोळ्या परवान्यासह तयार होतात आणि झोप, सांधेदुखी, कर्करोगाच्या वेदना यांसाठी वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतात. त्यांतील काहींत कॅनाबिडिऑल असते. घेणाऱ्याच्या दृष्टीने ते आयुर्वेदाचे औषध असते आणि आयुर्वेदाच्या औषधाची माहिती प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरला द्यावी, असे पुष्कळांच्या मनातही येत नाही. टॅक्रोलिमसच्या मात्रेवर त्याचा परिणाम मात्र चिठ्ठी कोणाची आहे हे पाहून होत नाही.

रुग्णालयांच्या अर्जांत तंबाखू आणि मद्य यांचे रकाने बहुधा असतात. भांग आणि विजयायुक्त औषधे यांचा स्वतंत्र रकाना घालण्यास कायद्यात दुरुस्तीची गरज नाही. मात्र त्या रकान्यात खरी माहिती भरणाऱ्या रुग्णाला त्या माहितीमुळेच दार बंद होणार नाही, हे आधी सांगावे लागेल. आणि तसे सांगण्यापूर्वी रुग्णालयाला स्वतःचे धोरण ठरवून ते लेखी स्वरूपात जाहीर करावे लागेल.